आतडी, हार्मोन आणि सकाळी सहाची गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात राहणाऱ्या बाई, वय ३८, दिवसभर बसून काम. चार वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) ८.४. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१, हिमोग्लोबिन १०.२. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. दोन वर्षांत वजन ७ किलोंनी वाढलं, जेवलं की पोट फुगतं आणि, त्यांच्याच शब्दांत, 'सकाळी पोट साफच नाही होऊन राहिलं'. सकाळी सहाला थायरॉइडची, ॲसिडिटीची आणि लोहाची अशा तिन्ही गोळ्या एकदम घेतात, पाठोपाठ दुधाचा चहा. कुणीतरी सांगितलं की मूळ बिघाड आतड्यांत आहे, आतडी शुद्ध करा म्हणजे हार्मोन आपोआप जागेवर येतील. त्यासाठी २१ दिवसांचं चूर्ण आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणून ठेवल्या आहेत. सुरू कराव्यात का?

चूर्ण उघडूच नका. कॅप्सूलची घाई नको. आतड्यांचा हार्मोनशी संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. पण तुमच्या बाबतीत तो सगळ्यात जास्त अडकलाय सकाळी सहा वाजता, तीन गोळ्या आणि एक कप चहा यांच्यात. तिथूनच सुरुवात करू.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, आधी जठरातल्या आम्लात विरघळते आणि मग लहान आतड्यात शोषली जाते. सगळं नीट जुळलं तरी पोटात गेलेल्या मात्रेपैकी साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोचते. तुमच्याकडे तिच्या वाटेत तीन अडथळे आहेत. लोह या औषधाला धरून बसतं, मग ते दोघं मिळून शौचावाटे निघून जातात. कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची पातळ औषधंही तेच करतात. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालली की जठरातलं आम्ल कमी होतं, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. वर लगेच चहा किंवा कॉफी आली की शोषण आणखी घटतं. थोडक्यात, चिठ्ठीवर ७५ लिहिलेलं असलं तरी शरीराला किती मिळतंय हे रोज वेगळं असतं.

दिवस असा लावा. सहाला फक्त थायरॉइडची गोळी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. लिंबू-मध नको, जिऱ्याचं पाणीही नको. सातला चहा. ॲसिडिटीची गोळी खरंच लागत असेल तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी. लोहाची गोळी साडेअकराच्या सुमारास अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, तिच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियम चालू असेल तर रात्रीच्या जेवणानंतर. थायरॉइडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम किमान चार तास दूर हवेत. सकाळी हे जमत नसेल, म्हणजे मुलांचे डबे, सासूबाईंचा चहा, पाण्याची वेळ सगळं एकाच तासात येत असेल, तर हीच गोळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते, मग कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मात्र एकदा ठरवली ती वेळ बदलत राहू नका.

इथे एक चूक फार वेळा होते. टीएसएच वाढलेला दिसला म्हणून गोळी ७५ ची १०० होते, त्याच आठवड्यात पेशंट वेळही सुधारतो, आणि दोन महिन्यांनी छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. औषध आता दोन्हीकडून जास्त पोचतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आधी वेळ सुधारा, मात्रा तीच ठेवा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. मात्रा वाढवायची की नाही ते त्यानंतर डॉक्टर ठरवतील. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद करा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येतात. (गरोदरपणाचा विचार असेल तर मात्र आठ आठवडे थांबू नका, आधी डॉक्टरांना सांगा. तिथलं गणित वेगळं आहे.)

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. हे औषध उष्णतेने आणि दमटपणाने कमजोर होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गॅसच्या ओट्यावरचा डबा, खिडकीची फळी आणि उन्हात उभी असलेली गाडी या तिन्ही जागा वाईट. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, बंद कपाटात, पट्टीतच ठेवा. आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवण्याची सवय उन्हाळ्यात तरी सोडा.

आता उलटी बाजू. 'आतडी बिघडली म्हणून हार्मोन बिघडले' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. थायरॉइड कमी पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते, अन्न जागच्या जागी रेंगाळतं, गॅस होतो, शौच कडक होतं. टीएसएच ८.४ असताना पाळी लांबू शकते, कोलेस्टेरॉल वाढू शकतं, बद्धकोष्ठही होऊ शकतं. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी सैल पडतात आणि पोट जड राहतं. पाळी सुरू झाली की प्रोस्टाग्लँडिनमुळे बऱ्याच जणींना जुलाबासारखं होतं. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली तर जठराच्या नसा दुखावतात आणि अन्न पुढे सरकत नाही. तुमचं पोट फुगणं आतड्यांमुळे आहे की थायरॉइडमुळे, याचा निकाल टीएसएच जागेवर आल्याशिवाय लागणार नाही. त्याआधी चूर्ण घेणं म्हणजे रोग सोडून त्याच्या सावलीला औषध देणं.

आतड्यांकडून हार्मोनकडे जाणारा रस्ताही समजून घ्या, कारण तुमची साखर त्यावर आहे.

ज्वारीच्या भाकरीचा एक घास घ्या. त्यातला बहुतेक पिठूळ भाग लहान आतड्यात फुटतो आणि साखर होऊन रक्तात जातो. पण भाकरीतला चोथा, म्हणजे फायबर, आणि थोडं न पचलेलं पीठ तसंच पुढे सरकत काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू त्याला आंबवतात. त्यातून तीन छोटी आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. त्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा त्यावरच जास्त जगतात. याच अस्तरात विखुरलेल्या एल-पेशी असतात. या आम्लांचा स्पर्श झाला की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय असे दोन हार्मोन सोडतात. जीएलपी-१ तीन कामं करतं: साखर चढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पुरे' असं सांगतं. पीवायवाय भूक आवरतं.

हे नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण वजन आणि मधुमेहाची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं याच हार्मोनची नक्कल आहेत. फरक एवढाच की शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. (ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या या एन्झाइमलाच अडवतात.) इंजेक्शनातलं रूप असं बदललेलं आहे की ते आठवडाभर टिकतं. म्हणून भाकरीने इंजेक्शनचं काम होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाकरीचा परिणाम लहान आहे. पण तो रोज दोनदा होतो आणि त्याच्याने मळमळत नाही.

चोथा पोचलाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर खायला लागतात. दुसऱ्या प्रयोगांत, खूप तेलकट खाण्यावर ठेवलेल्या उंदरांच्या रक्तात जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे वाढले, त्याने बारीक दाह सुरू झाला आणि इन्सुलिनचा असर कमी झाला. हे काम २००७ चं आहे आणि 'लीकी गट' म्हणून जे काही विकलं जातं त्याचा बराचसा पाया तिथे आहे. माणसांत हा परिणाम दिसतो, पण कितीतरी फिकट. २०१२ साली नेदरलँड्समध्ये सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू लठ्ठ पुरुषांच्या आतड्यांत सोडून पाहिले. सहा आठवड्यांनी त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देत होतं. पुढच्या अभ्यासात मात्र हा फायदा काही महिन्यांत विरून गेला. जुना आहार परत आला की जुने जिवाणूही परतात.

पाळीच्या बाजूने एक धागा आहे. काम संपलेलं इस्ट्रोजेन यकृत एका साखरेला बांधून पित्तात टाकतं, म्हणजे ते आतड्यावाटे बाहेर जावं. काही जिवाणूंकडे ही गाठ सोडणारं एन्झाइम असतं. गाठ सुटली की इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. बद्धकोष्ठ असेल तर जिवाणूंना त्यासाठी वेळही जास्त मिळतो. १९८२ साली अमेरिकेत शाकाहारी आणि मांसाहारी स्त्रियांची तुलना झाली होती. ज्यांच्या आहारात चोथा जास्त, त्यांच्या शौचाचं प्रमाण जास्त, त्यावाटे जाणारं इस्ट्रोजेनही जास्त आणि रक्तातलं कमी निघालं. मला यातून घ्यावासा वाटतो तो निष्कर्ष साधा आहे: पोट रोज साफ होणं हा हार्मोनचाही प्रश्न आहे. 'इस्ट्रोजेन डिटॉक्स'च्या बाटल्या हा त्याचा निष्कर्ष नाही.

पाळी लांबण्याचं तुमच्यासारख्या चित्रात दुसरं मोठं कारण पीसीओएस, म्हणजे अंडाशयातून बीज नियमित न सुटण्याचा हार्मोनचा बिघाड, असू शकतं. शरीर इन्सुलिनला दाद देईना की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि यकृतात त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. मग बीज सुटत नाही, पाळी पुढे जाते, हनुवटीवर केस येतात. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता कमी सापडते, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरलेलं नाही. उपचार मात्र ठरलेला आहे, आणि तो जेवण, चालणं, वजन यांच्यापासूनच सुरू होतो.

तपासण्या करताना एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही. विदर्भात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसतं. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. हिमोग्लोबिनच वेगळं असेल, किंवा सिकलसेलच्या आजारात होतं तसं लाल पेशी लवकर मरत असतील, तर तो आकडा खरा राहत नाही, बहुधा कमी दिसतो. लोहाची कमतरता असेल तर उलट होतं, पेशी जास्त दिवस जगतात आणि आकडा फुगतो. तुमचं हिमोग्लोबिन १०.२ आहे. म्हणून ६.१ वर डोळे मिटून विश्वास नको. उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर करा. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सिकलसेलची तपासणी एकदाच करायची असते, तीही उरकून टाका.

बाकी यादी लहान आहे: फेरिटिन, बी-१२, कोलेस्टेरॉलचा पूर्ण तक्ता, यकृताचा एसजीपीटी, प्रोलॅक्टिन, आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारासाठी टीटीजी-आयजीए. ही शेवटची यासाठी की थायरॉइडची गोळी पुरेशी असून टीएसएच खाली येत नाही, लोह खाऊन हिमोग्लोबिन चढत नाही आणि पोटही फुगतं, अशा तिकडीमागे कधी कधी सीलिॲक निघतो. हा आजार आपल्याकडे पंजाब-हरियाणाएवढा नाही, पण नाहीच असंही नाही. मात्र रक्त देण्याआधी पोळी बंद करू नका. गहू सोडून आठवडे गेले की तपासणी निगेटिव्ह येते आणि निदान हातचं जातं. पोटातल्या एच. पायलोरी जिवाणूची शौचातून किंवा श्वासातून तपासणी सांगितली तर ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद असावं लागतं.

काय करू नये तेही सांगतो. घरी किट मागवून 'तुमच्या आतड्यातले जिवाणू' अशी रंगीत पानं देणाऱ्या तपासण्यांवरून आज कुठलाही उपचार ठरत नाही. अन्नाच्या आयजीजी ॲलर्जीच्या तपासण्या तर नकोतच. आपण जे रोज खातो त्याचंच आयजीजी जास्त येतं, मग यादीत दूध, गहू, तूर, वांगं सगळं लाल होतं आणि माणूस उगाच दुधीभोपळ्यावर राहतो.

आता ताटाकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने २००० कॅलरीच्या आहारात चोथा साधारण ३० ग्रॅम हवा. भात, वरण, आलूची भाजी, मैद्याची बिस्किटं असा दिवस गेला तर निम्माही भरत नाही. विदर्भाच्या जुन्या ताटात तो सहज भरतो, ते ताटच आपण विसरलो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात चोथा १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मध्यम दोन भाकरींत तेवढा. वाटीभर अख्ख्या मुगाची किंवा बरबटीची (चवळीची) उसळ, कोरडं धान्य ४० ग्रॅम धरलं तर, ५ ते ७ ग्रॅम. आंबाडी, मेथी, गवार, भेंडी, वांगं अशी ३०० ग्रॅम भाजी १० ग्रॅमच्या आसपास. जवसाची चटणी एक मोठा चमचा, अडीच ग्रॅम. एक पेरू खाल्लात की मोठी उडी, ८ ग्रॅमच्या घरात. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम. चुनाला, म्हणजे पिठल्याला, कमी लेखू नका, डाळीच्या पिठात भरपूर चोथा असतो, फक्त तेलाची धार आवरा.

संत्र्याबद्दल गावाभिमान बाजूला ठेवून बोलू. फोडी खा, पांढऱ्या शिरांसकट, त्यांत पेक्टिन नावाचा चोथा असतो. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, त्यांतली साखर सगळी ग्लासात येते आणि चोथा गाळणीत राहतो. साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला रस औषध नव्हे. तर्री-पोह्यांचं उलट आहे. त्यांतले हरभरे हा प्लेटमधला सगळ्यात कामाचा भाग. वरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला करा, हरभरे जास्त मागा, पोहे कमी. आठवड्यातून एकदा सावजी खाल्ल्याने कुणाचं थायरॉइड बिघडत नाही. रात्री साडेदहाला खाऊन अकराला झोपल्याने मात्र सकाळी उपाशीपोटीची साखर चढते.

चोथा वाढवताना बहुतेक लोक पहिल्याच आठवड्यात आपटतात. सोमवारी भाकरी, उसळ, कोशिंबीर, जवस, इसबगोल सगळं एकदम सुरू करतात. गुरुवारी पोट ढोलासारखं होतं आणि शुक्रवारी 'मला सोसत नाही' म्हणून सोडून देतात. जिवाणूंची फौज बदलायला वेळ लागतो. दर आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या पोळीऐवजी एक भाकरी. दुसऱ्यात दुपारी उसळ अर्धी वाटी, कडधान्य आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, मोड आणून, कुकरमध्ये मऊ शिजवून. भिजवणीचं पाणी फेकलं की गॅस करणाऱ्या साखरांतली बरीच जाते. तिसऱ्या आठवड्यात भाजी दुप्पट, चौथ्यात जवस आणि फळ. पाणी दिवसाला अडीच लिटर, उन्हाळ्यात तीनच्या वर. पाणी न वाढवता चोथा वाढवला तर तो आतड्यात ओल्या कागदाच्या बोळ्यासारखा बसतो. इसबगोल घ्यायचंच असेल तर रात्री एक मोठा चमचा पूर्ण ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्या, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. तुम्ही गोळी रात्री घेणार असाल तर इसबगोल दुपारी.

एवढं करूनही कांदा, लसूण, राजमा, गहू यांनीच पोट फुगत असेल तर चार ते सहा आठवडे ते कमी करून एकेक परत आणून पाहा. हे कायमचं पथ्य करायचं नाही. त्यांतलेच काही पदार्थ जिवाणूंचं आवडतं खाद्य आहेत.

दही-ताक. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी माणसांना दोन गटांत वाटून दहा आठवडे एका गटाला चोथ्याचा आणि दुसऱ्याला आंबवलेल्या पदार्थांचा आहार दिला. जिवाणूंची विविधता वाढली ती आंबवलेल्या गटात. आपल्याकडे त्यासाठी काही विकत आणायला नको. अर्धा लिटर दूध उकळून, बोट सोसवेल इतकं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास कोमट करा. त्यात एक लहान चमचा ताजं विरजण घालून ढवळा. मे महिन्यात तीन-चार तासांत दही लागतं, लागलं की लगेच फ्रीजमध्ये. रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी आंबट पाणी सुटलेलं असतं. डिसेंबरच्या थंडीत भांडं कापडात गुंडाळून दहा-बारा तास. एक भाग दही, तीन भाग पाणी, चिमूट मीठ, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. दुपारी एक मोठा पेला. कढी उकळली की जिवाणू मरतात, ती चवीसाठी प्यावी.

शिळ्या भाताचंही बरंच बोललं जातं. थंड झालेल्या भातातलं थोडं पीठ न पचणारं होतं हे खरं, पण ते थोडंच. उलट आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर चार तास राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही. ताक-भात आवडतो तर भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

जेवणाची वेळ आणि क्रम स्वस्तात मिळणारी औषधं आहेत. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्यापर्यंत एक झाडू फिरतो, उरलेले कण आणि जिवाणू पुढे ढकलतो. दर अर्ध्या तासाला अर्धा कप चहा आणि चिमूटभर चिवडा चालू राहिला की हा झाडू फिरतच नाही. ऑफिसातल्या फुगलेल्या पोटांचं मला हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं. दोन खाण्यांत तीन-चार तास काहीही नको, साखरेचा चहासुद्धा. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-वरण, शेवटी भाकरी किंवा भात, एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. रात्रीचं जेवण आठच्या आत. इन्सुलिनचा असर सकाळी जास्त आणि रात्री कमी असतो. जेवून पंधरा मिनिटं चाला. फुटाळा तलावावर जायला हवं असं नाही, गच्ची पुरते. झोप सात तास. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, मग संध्याकाळी समोसा दिसतो तो निव्वळ इच्छाशक्तीचा दोष नसतो.

चूर्णाबद्दल. पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. तिने आतड्याला चाबूक बसतो, पातळ शौच होतं आणि 'सगळी घाण निघाली' असं वाटतं. निघतं ते पाणी आणि पोटॅशियम. वजन एक-दीड किलोने उतरतं, तेही पाणीच. वरून अन्न पुढे धावल्यामुळे थायरॉइडच्या गोळीचं शोषण पुन्हा बिघडतं. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांची घाण चिकटलेली नसते, तिचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवीन होतं. प्रोबायोटिक कॅप्सूलमधले जिवाणू बहुतेकांच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत, घेणं थांबवलं की निघून जातात. २०१८ च्या एका अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला अधिक वेळ लागला. थायरॉइड किंवा पाळीसाठी त्या घ्याव्यात असा भक्कम पुरावा नाही.

ॲसिडिटीची गोळी किती वर्षांपासून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, लहान आतड्यात जिवाणू वाढून पोट फुगू शकतं. पण एकदम सोडू नका. दाबलेलं आम्ल उसळून येतं आणि 'गोळीशिवाय जमतच नाही' असं वाटतं. डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, मग बंद, असं महिना-दीड महिन्यात उतरवा. दुखण्याच्या गोळ्या नेहमी लागत असतील किंवा पूर्वी अल्सर झाला असेल तर ती का दिली आहे ते आधी विचारा. लोहाच्या गोळीनेही शौच कडक होतं आणि काळं दिसतं. एक दिवसाआड घेतल्याने शोषण चांगलं होतं आणि पोटाला त्रास कमी, हेही त्यांना विचारून पाहा. साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू झालं तर सुरुवातीला जुलाब आणि मळमळ होते. जेवणाबरोबर, लहान मात्रेपासून, सावकाश सुटणारी गोळी मागा, आणि वर्षातून एकदा बी-१२ पाहा.

काही गोष्टी मात्र आठ आठवडे थांबण्याच्या नाहीत: शौचातून रक्त, काहीही न करता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, कावीळ, सतत उलट्या, किंवा तीन महिन्यांहून जास्त पाळी न येणं. तुमचं हिमोग्लोबिन कमी का आहे याचंही कारण शोधलं पाहिजे. पाळी उशिरा येते पण येते तेव्हा खूप जाते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर चार ओळी घेऊन जा: रोज गोळी किती वाजता घेतली आणि चहा किती वाजता, आठवड्यात किती दिवस पोट साफ झालं, कंबरेचं माप बेंबीच्या पातळीवर सकाळी उपाशीपोटी किती (आपल्याकडे स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवं), आणि पाळीच्या तारखा. वजनाचा काटा पहिल्या महिन्यात हलणार नाही. कंबर बहुधा आधी हलते.